केवळ शैक्षणिक वापरासाठी

हिम्मतरावांना आभार मानायची खोड होती, आणि ती साधीसुधी नव्हे. रिक्षावाल्यानं सुटे पैसे परत दिले तरी हे थांबून हात जोडणार. सिलिंडर आणणाऱ्याला पाणी, चहा आणि वर "फार उपकार झाले" हे ठरलेलं. सारी नोकरी तारनाक्याला रेल्वेच्या एका संस्थेत पत्रांचे मसुदे लिहिण्यात गेली. इंग्रजी पत्र असावं तर हिम्मतरावांचं, असं तिथले साहेब म्हणायचे, आणि माणूस निवृत्त झाला तरी ते कौतुक काही डोक्यातून गेलं नव्हतं. बरकतपुऱ्याच्या मराठी स्नेहमंडळाचा 'मुसाकाठ' नावाचा दिवाळी अंक निघायचा, त्यातलं ऋणनिर्देशाचं पान तर त्यांच्या मालकीचंच. त्यात एखादं नाव राहून गेलं तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

आता अशा माणसाच्या हातून कुणाचं वाटोळं होईल असं स्वप्नात तरी येईल का? पण झालं. आणि तेही घरातल्याच पोरीचं.

रेणू त्यांची नात. ॲनिमेशनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिचा बाप विक्रम, हिम्मतरावांचा एकुलता एक, बेगम बाजारात मसाल्याचं दुकान चालवायचा. रेणू शाळेत असतानाच तो गेला. दुपारी दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि संध्याकाळी घरी त्याच्याऐवजी निरोप आला. तेव्हापासून घरात तीनच माणसं: हिम्मतराव, त्यांची सून अपर्णा आणि रेणू. अपर्णा एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर बसते आणि संध्याकाळी पाय सुजवून घरी येते.

कॉलेज संपवायला प्रत्येकानं एक छोटी फिल्म करायची असते. रेणूनं बाप काढायला घेतला. गोष्ट अशी काहीच नाही. एक माणूस संध्याकाळी दुकान बंद करतो, हातात पिशवी घेतो आणि बेगम बाजाराच्या गर्दीतून चालत घरी येतो. संपलं. पण त्या माणसाला विक्रमसारखं चालवायचं, हा तिचा हट्ट. घरात फोटो ढीगभर होते, पण चालणारा विक्रम एकाही व्हिडिओत नव्हता. असणार कसा? घरातले सगळे व्हिडिओ काढायचा तोच! लग्नाच्या सीडीत होता, पण तिथं सारा वेळ पाटावर बसलेला.

त्यामुळे पोरगी आठवून आठवून काढायची. एक पाऊल काढायचं, खोडायचं, पुन्हा काढायचं. वर्षभर हेच. "आबा, बाबांचा कोणता खांदा खाली असायचा?" असं मधेच विचारायची आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणायची, "थांबा, सांगू नका, मला आठवायलंय." आणि एका रविवारी सकाळी तिनं हिम्मतरावांना खुर्चीत बसवलं आणि लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात सरकवला.

पडद्यावर विक्रम चालत होता. अगदी तोच! एक खांदा किंचित उतरलेला, पिशवी मांडीला घासायलेली, आणि दर पाच-सहा पावलांनी काही विसरलं की काय अशी मान मागं वळवायची ती सवय. पोटच्या पोराला आपण पुन्हा चालताना बघतोय हे हिम्मतरावांना खरं वाटेना. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "अपर्णा, ये गं, बघ तरी."

अपर्णा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. "नको. पुरी झाल्यावर बघीन. अर्धवट बघून मला पुढं दिवसभर काम नाही व्हायचं," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला आत गेली. हिम्मतरावांना तिचं म्हणणं पटलं. अर्धं राहिलेलं काम कुणाला दाखवू नये, असं त्यांचंही मत होतं. रेणू फोनवर एक छोटा व्हिडिओ करून ठेवते म्हणत होती, तिलाही त्यांनीच अडवलं. "एवढी काय घाई? सबंध होऊ दे की."

आता त्या सॉफ्टवेअरचं सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथंच आहे. चित्रं काढायची, ती हलवायची, वर पुस्तकाची पानंही जुळवायची, असं सगळं एकात असलेलं ते प्रकरण. कंपनी सातासमुद्रापार. व्यवसायासाठी घ्यायचं तर वर्षाची वर्गणी अपर्णाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. विद्यार्थ्याला मात्र जवळजवळ फुकट. मधे काही नाही! हौसेनं घरी चार चित्रं काढणारा, मंडळाची पत्रिका करणारा, नुकतंच कॉलेज सुटलेलं आणि नोकरी नसलेलं पोर, यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी दरच नाही. एक तर विद्यार्थी व्हा, नाही तर शेठ व्हा. बाकीच्या जगाचं काय ते जगानं बघावं.

जग काय करतं ते रेणूच्या वर्गात बघायला मिळायचं. निम्मी पोरं चोरून उतरवलेली प्रत वापरायची. रेणूही पहिल्या वर्षी तेच करणार होती. "सगळेच करायलेत आबा, लाईट घ्या ना," ती म्हणाली होती. हिम्मतराव कसले लाईट घेतात! "चोरीचं या घरात चालायचं नाही. तुझ्या बापानं कधी तराजूला बोट लावलं नाही," असं म्हणून त्यांनी तिला कॉलेजचं ओळखपत्र घालून रीतसर परवाना घ्यायला लावला. सगळ्या फायली कंपनीच्याच साठवणीत राहायच्या, कारण लॅपटॉप जुना आणि त्यात जागा नाही. लॅपटॉपवर जे थोडंफार होतं तेही त्या खात्यातून आत शिरल्याशिवाय उघडायचं नाही.

रेणूच्या शेवटच्या वर्षी 'मुसाकाठ'ची पानं जुळवणारा काचीगुड्याचा माणूस धंदा बंद करून मुलाकडे निघून गेला. अंक बुडतो की काय अशी वेळ. मंडळाच्या अध्यक्ष चारुलताबाई तर रडकुंडीला आल्या. तेव्हा रेणू म्हणाली, "द्या इकडं, मी करते." शाळा सारी इंग्रजीत झालेली, मराठी वाचताना तिची त्रेधा उडायची, जोडाक्षर आलं की अडायची. हिम्मतराव शेजारी बसून एकेक ओळ वाचून दाखवायचे आणि ती पानं लावायची. अंक असा देखणा निघाला की आधी कधी निघाला नव्हता. बेगम बाजारातल्या दुकानदारांनी नेहमीप्रमाणे जाहिराती दिल्या. मिरची, हळद, स्टीलची भांडी, पूजेचं साहित्य. विक्रमची आठवण म्हणून देत होते बिचारे. त्यातून छपाई निघाली. कुणाच्या खिशात एक पैसा गेला नाही, रेणूच्या तर नाहीच नाही.

ऋणनिर्देश लिहायला हिम्मतराव बसले. सगळ्यांची नावं झाली. मग त्यांच्या मनात आलं, ज्या कंपनीनं पोरीला एवढं महागाचं सॉफ्टवेअर दिलं, तिचे आभार कोण मानणार? नुसतं छापून कसं भागेल, त्यांना कळायला नको? त्यांनी अंकाची फाइल घेतली आणि कंपनीच्या पत्त्यावर मेल लिहिला. काय तो मसुदा! आपल्या उदार कंपनीनं आमच्या कुमारी रेणूस दिलेल्या विद्यार्थी परवान्यामुळेच आमच्या मंडळास हा अंक काढता आला, त्यासाठी शहरातील अनेक मान्यवर व्यापाऱ्यांच्या जाहिराती लाभल्या, मंडळाचे अन्य सदस्यही पुढील वर्षी या सुविधेचा लाभ घेऊ इच्छितात, आपले ऋण शब्दांत फेडता येणार नाही, वगैरे वगैरे. रेणूला सांगितलंच नाही. उत्तर आलं की चकित करायचं होतं.

उत्तर आलं. लगेच आलं. आपली गोष्ट कळवल्याबद्दल धन्यवाद, असं गोड गोड लिहिलेलं. ते यंत्रानं आपोआप पाठवलेलं असतं हे हिम्मतरावांच्या गावी नव्हतं. त्यांनी ते मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी रेणूनं लॅपटॉप उघडला आणि ओरडली, "आबा!" हिम्मतराव दाढी अर्धी टाकून आले. पडद्यावर राखाडी चौकोन आणि त्यात चार ओळी. हा परवाना केवळ शैक्षणिक वापरासाठी आहे. जाहिराती असलेल्या प्रकाशनासाठी आणि विद्यार्थ्याखेरीज अन्य व्यक्तींसाठी त्याचा वापर झाल्याचं निदर्शनास आलं. खातं बंद करण्यात येत आहे. विक्रमचं काय, पिशवीचं बोटभर चित्रसुद्धा उघडेना.

"यांना कसं कळलं? अंक तर इथंच वाटला ना आपण?" रेणू म्हणायली. हिम्मतरावांच्या गालावरचा साबण वाळत होता. त्यांनी सगळं सांगितलं. लपवायचा स्वभावच नव्हता. पोरीनं लॅपटॉप मिटला. ओरडली असती, चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत आबा, तुम्ही चांगलंच करायला गेलात." हे ऐकून हिम्मतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी त्यांनी दुसरा मसुदा लिहिला. थांबायचं ना! पण ज्या हातानं चूक केली त्याच हातानं ती निस्तरायची, अशी त्यांची समजूत. दोष सर्वस्वी माझा आहे, मुलगी निरपराध आहे, मंडळाच्या कामासाठी तिला मीच बसवलं, मजकूर मी पुरवला, काम माझ्या देखरेखीखाली झालं, शिक्षा द्यायची तर मला द्यावी. अक्षर न् अक्षर खरं. यावेळी उत्तर माणसानं लिहिलेलं आलं. आपण स्वतःच कबूल केल्याप्रमाणे परवान्याचा वापर अन्य व्यक्तीच्या देखरेखीखाली, संस्थेच्या कामासाठी झाला आहे. त्यामुळे फेरविचाराची विनंती अमान्य. प्रकरण बंद.

मंडळात सौरभ म्हणून एक तरुण आहे. पुण्याचा, इथं आयटीत. त्यानं दोन्ही पत्रं वाचली आणि कपाळावर हात मारला. "काका, अहो, पहिल्या पत्रानंतर बचावाला जे काय थोडं शिल्लक होतं ते दुसऱ्यात तुम्ही त्यांच्या हातात नेऊन दिलंत. एकदा मला विचारायचं तरी!" मग हिम्मतरावांचं तोंड बघून त्याचाच आवाज उतरला. "बघू, काहीतरी करू," तो म्हणाला.

आणि त्यानं केलं, नाही असं नाही. चारुलताबाईंनी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली. बेगम बाजारातले दुकानदार तर म्हणाले, आमच्या जाहिरातीपायी विक्रमभाईच्या पोरीचं नुकसान झालं, हे कसं चालेल? सौरभनं रीतसर शेठलोकांचा परवाना विकत घेतला, पुऱ्या दराचा. घरी येऊन तो रेणूच्या लॅपटॉपवर बसवला. अपर्णानं त्या दिवशी रजा घेतली होती. ती पहिल्यांदाच येऊन लॅपटॉपसमोर बसली. केस नीट विंचरलेले, अंगावर धुवट साडी. आज नवरा दिसणार होता ना तिला. हिम्मतरावांनी देवापुढे दिवा लावला होता.

लॅपटॉपवर एक जुनी फाइल राहिली होती, नेमकी चालीची. रेणूनं ती उघडायला सांगितली. चौकोन आला. ही फाइल विद्यार्थी आवृत्तीत तयार झालेली आहे, व्यावसायिक आवृत्तीत ती उघडता येणार नाही.

"म्हणजे?" अपर्णानं विचारलं.

"म्हणजे पोरांनी फुकटात करून ठेवलेलं शेठलोकांना वापरता येऊ नये म्हणून त्यांनी कुलूप घातलंय," सौरभ हळू आवाजात म्हणाला. "तिच्या त्याच विद्यार्थी खात्यातून उघडेल. आणि ते खातं तर..." आणखी बरीच खटपट त्यानं केली. कंपनीला लिहिलं, आपल्या ऑफिसातल्या लोकांना विचारलं. शेवटी कळलं की साठवणीतल्या फायली मुदत संपल्यावर पुसल्या जातात आणि मुदत होऊन गेली होती. लॅपटॉपवरची ती एक फाइल तेवढी शाबूत. कुलूपबंद.

काय बोलायचं यावर? वर्गात चोरीची प्रत वापरणाऱ्या पोरांच्या फिल्मी धडाधड पुऱ्या व्हायल्या. त्यांना कुणी पत्र पाठवलं नाही, कुणी जाब विचारला नाही. एका घरानं सरळ वागायचं ठरवलं आणि मार नेमका त्याच घराला बसला. हिम्मतरावांनी त्या दिवसापासून कागदाला हात लावला नाही. मंडळाचं कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. दोन घास खाऊन ताटावरून उठायचे. देवाला सोडून बाकी सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि देवाला काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

कॉलेजच्या मॅडम भल्या बाई. त्या म्हणाल्या, फिल्म राहू दे, चालीची मुख्य चित्रं कागदावर पेन्सिलीनं काढून दाखव, आम्ही पास करू. रेणू कागद घेऊन हॉलमध्ये जमिनीवर बसली. काढायची आणि फाडायची. सगळीकडे बोळे झाले. हिम्मतराव खुर्चीतून बघायले. शेवटी न राहवून म्हणाले, "बाळ, एकदा काढलीस ना तू? हात तोच आहे. परत येईल."

रेणूनं मान वर केली नाही. "नाही येत आबा. जेवढं आठवत होतं तेवढं मी त्यात घातलं. मग आठवायचं काम राहिलं नाही ना. बाबांची याद आली की फाइल उघडायची आणि बघायचं. आता डोळे मिटले की तो राखाडी चौकोनच येतो. मला बाबा चालताना दिसतच नाहीत. कुठूनच दिसत नाहीत."

आपण पोरीची फिल्म घालवली एवढंच आजवर हिम्मतराव समजत होते. पोरीच्या डोक्यातला बापच काढून घेतला, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांना वाटलं, आपणच विक्रमच्या आधी गेलो असतो तर हे सगळं टळलं असतं.

अपर्णा कामावरून आली होती. दारातच भिंतीला टेकून तिनं हे ऐकलं. पर्स खाली ठेवली आणि सासऱ्यांच्या पुढ्यात येऊन बसली.

"आबा, तुम्ही एकट्यानं पाहिलंय," ती म्हणाली. "मी करंटी, मी पाहिलं नाही. मलाही आता नीट आठवत नाही, खरं सांगते. दाखवा ना. कसे चालत होते ते?"

हिम्मतराव खुर्चीचे हात धरून उठले. गुडघे दुखत होते. अपर्णाची पर्स त्यांनी पिशवीसारखी हातात घेतली आणि बाल्कनीच्या दिशेनं चालायला लागले. पहिल्याच पावलाला त्यांना समजलं की हा विक्रम नव्हे. हा म्हातारा हिम्मतराव पाय ओढत चाललाय. खांदा उतरवायला गेले तर कोणता उतरवायचा ते आठवेना. डावा की उजवा? त्या रविवारी तर लख्ख दिसलं होतं! त्यांनी अंदाजानं डावा खाली केला. चार पावलांनी मान वळवून मागं पाहिलं. विक्रम असंच वळवायचा की पडद्यावरचं काहीतरी भलतंच आपल्या मनात बसलंय, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

अपर्णा एकटक बघत होती. "असेच?" तिनं विचारलं. "खरंच असेच चालायचे?"

"हो," हिम्मतराव म्हणाले. "अगदी असाच."

अपर्णानं पदर तोंडाला लावला. "हो, असेच," ती हुंदक्यांतून म्हणाली. "आता आठवलं बघा मला. असेच यायचे ते."

रेणूनं मान वर करून आजोबांकडे पाहिलं. तिला कळलं होतं. हिम्मतरावांनाही कळलं की तिला कळलंय. मग तिनं मांडीवर कोरा कागद घेतला.

"परत एकदा चाला आबा," ती म्हणाली. "जरा हल्लू चाला."

हिम्मतराव दारापर्यंत मागं गेले आणि पुन्हा चालायला लागले. रेणू भराभर काढत होती.